सुखवंताचा गवना

गोंदिया,
फेब्रुवारी १९४७

प्रिय हुकुम,

तुझं पत्र वाचून कपाळावर हात मारून घेतला. लग्नाला सात वर्षं झाली, सुखवंता अजून नागऱ्याला माहेरीच बसली आहे, आणि तू तिचा गवना तिसऱ्यांदा पुढे ढकलतोस. बायकोला सासरी आणायचा मुहूर्त म्हणजे काय तुमच्या मैदानावरची मॅच आहे, आज नाही तर उद्या? बाबा आमगावला बसून मान डोलावतात, तू नागपूरहून चार ओळी खरडतोस. निरोप घेऊन जाते कोण, तर मी. गोंदियात दिलेल्या लेकीला नागरा जवळ पडतं ना.

गेल्या माघात हॉकी आडवी आली. तू नसलास तर टीम बुडते, म्हणालास. तिच्या आईला हॉकी समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. काठ्या घेऊन धावतात म्हटल्यावर त्या माउलीला वाटलं, जावयाला गुरं राखायला लावलंय. सुखवंता तेव्हा पदरात तोंड घालून हसली होती. मग वैशाखात स्कॉलरशिपची परीक्षा. तिथे तुझा पहिला नंबर आला तेव्हा खोटं कशाला बोलू, मला फार अभिमान वाटला, पेढे घेऊन मीच नागऱ्याला गेले. तिने पेढा घेतला आणि एवढंच विचारलं, यानंतर अजून काय शिकायचं राहिलंय.

आता म्हणे तू कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या युनियनचा सेक्रेटरी झालास आणि परिषद भरवायची आहे. देश स्वातंत्र्याच्या दारात उभा असताना घरच्यांनी गवन्याचं काय घेऊन बसावं, असं वर आम्हालाच ऐकवतोस. त्या परिषदेत स्त्रीशिक्षणाचा ठराव तूच मांडणार, हे वाचून तुझे भाऊजी जेवता जेवता हसत सुटले. मला काही हसू आलं नाही.

आज सकाळी तुझा निरोप पोचवला, की येत्या वैशाखात नक्की. सुखवंताच बाहेर आली आणि म्हणाली, "बाई, त्याइले सांगजा, मी आता थांबून नाही राहिली. तारीख मी ठरवीन." मग सगळं कळलं. तू मुहूर्त मोडत होतास तेव्हा पोरगी अभ्यास करत होती. मराठी सातवी पास झाली, आणि मास्तरणीच्या ट्रेनिंगला तिची निवडही झाली आहे. जूनपासून दोन वर्षं ती नागपुरातच राहील, तुझ्या कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर. लगेच हुरळू नकोस. गवन्याआधी नवऱ्याने भेटायचं नाही, ही आपल्याकडची रीत तिने तिथल्या मोठ्या बाईंच्या कानावर घातली आहे. तू फाटकाशी जाऊन उभा राहिलास तर आत कुणी घेणार नाही, म्हणून आधीच लिहिते आहे. आणि दुसरं असं, की सासरची परवानगी असल्याशिवाय तिचे वडील तिला पाठवायला तयार नव्हते. आपल्या घराच्या वतीने मी हो म्हणून आले.

तुझीच,
तुलसाताई