शाल देऊन घालवलेला माणूस

बाबा,

सुरुवात तुमच्यापासून करत नाही. रोज संध्याकाळी आपल्या मुलुंडच्या मैदानाच्या फाटकाशी मुलीला सोडणाऱ्या, तिच्या हातात पाण्याची बाटली देऊन भाजी घ्यायला वळणाऱ्या आयाबापांपासून करते. त्यांची आणि माझी तक्रार एकच आहे : आम्हाला कुणी काही सांगत नाही. फी किती, बूट कुठले, स्पर्धा कधी, सगळं सांगतात. मुलीला शिकवणारा माणूस आधीच्या मैदानावरून का निघाला, हे मात्र कुणी सांगत नाही. शुक्रवारी क्लबच्या सभेत मी याच शब्दांनी उभी राहणार आहे. पुढचं मात्र सभेसाठी नाही, तुमच्यासाठी आहे.

गेल्या महिन्यात क्लबच्या सेक्रेटरींचा फोन आला. "ताई, सरांच्या नावाचा पुरस्कार यंदा कुणाला देतोय माहितीये? दादांना! तुमच्या हस्ते द्यायचा आणि तुम्हीच बोलायचं. तुमच्यासारखं बोलणारं दुसरं कोण आहे आपल्याकडे?" सर म्हणजे तुम्ही, आणि दादा म्हणजे तुमचा सहायक. तुम्ही अंधेरीच्या ऑफिसात हिशेब मिटवून, बस बदलत मैदानावर पोहोचेपर्यंत आम्हा मुलींना पळवून घाम काढणारा तो माणूस. आपल्या घरी जेवायला बसला की आई त्याला बांगड्याचा मधला तुकडा वाढायची. मी होय म्हटलं. सेक्रेटरी खूश झाले आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "सरांचे फार उपकार आहेत हो त्यांच्यावर. इथून गेले तेव्हा घाटकोपरला सोयसुद्धा सरांनीच लावून दिली होती ना. अजून तिथेच मुलींना शिकवतात." तेव्हा मला या वाक्यात काही वावगं वाटलं नाही.

मग मी आमच्या संघातल्या सगळ्यांना बोलवायला बसले. तुमच्या हाताखाली खो-खो खेळलेल्या आम्ही मुली आता पन्नाशीकडे झुकलोय, गुडघे कुरकुरतात, पण तुमचं नाव काढलं की सगळ्या यायला तयार. एक सोडून. खांबावर सूर मारण्यात जिचा हात कुणी धरू शकत नव्हतं, ती. आधी छान बोलत होती. "येते गं, न यायला काय झालं, वर्षभर तोंड दाखवत नाहीस आणि आता पुढारी झालीस म्हणून हुकूम करतेस का?" मी हसले, पुरस्कार कुणाला आहे ते सांगितलं. ती लगेच म्हणाली, "सरांच्या नावाच्या कार्यक्रमाला मी येणार नाही. कधीच नाही. फोन ठेवते."

दादांच्या नाही. *सरांच्या*.

बाबा, माझा धंदाच संशयाचा आहे. बिल्डर गोड बोलला की मी त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघते. नगरसेवक उद्घाटनाला आला की त्या जागेवर आधी काय होतं ते विचारते. हे मी तुमच्याकडूनच शिकले. तुम्ही म्हणायचात, ज्या नोंदीला खुलासा नाही तिच्यावर बोट ठेवायचं, मग ती आपल्या माणसाची का असेना. तर मी बोट ठेवलं. तुमच्यावर. पुढचे सात-आठ दिवस मी तुम्हाला उलटंपालटं करून पाहत होते, आणि ते दिवस मी माझ्या शत्रूलाही देणार नाही.

संघात इतक्या मुली, त्यांत मीही तुमची पोटची. मग नवे कॅनव्हासचे बूट फक्त तिलाच का आणलेत? आम्ही सगळ्या जुन्यांना खडू लावून चालवत होतो. सराव संपल्यावर तिला घरापर्यंत सोडायला तुम्हीच का जायचात, तेही मला आईकडे पाठवून? आणि एका पावसाळ्यानंतर अचानक नियम आला, की रोज कुणाची तरी आई मैदानाच्या कडेला बसल्याशिवाय सराव सुरू होणार नाही. आया कुरकुरल्या, "आमच्या चुली कोण बघणार?" तुम्ही शिट्टी खिशात घातलीत आणि कुणी येईपर्यंत आम्हाला नुसतं बसवून ठेवलंत. पायात गोळा आला तर तुम्ही जवळ येत नव्हतात, लांबूनच सांगायचात, "तिचा अंगठा दाब, तू दाब." इतकी काळजी कोण घेतं? ज्याच्या मनात चोर आहे, तो. हा विचार मी केला, बाबा. रिक्षात बसून केला, तुमच्या फोटोला हार घालताना केला, तुमच्या नातवाला शाळेत सोडताना केला.

दादा गेले तो रविवारही आठवला. सकाळी मैदानावर निरोप समारंभ. तुम्ही दादांच्या खांद्यावर शाल घातलीत, हातात नारळ दिलात, आम्ही टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर तुम्ही नेहमीसारखे विळीवर बसलात. रविवारी खोबरं तुम्हीच खवायचात, आईला हात लावू द्यायचा नाहीत. मी समोर बसून वाटाणे सोलते आहे. तुम्ही खवता आहात, खवता आहात, पांढरं संपून ताटलीत तपकिरी कीस पडायला लागतो. आई ओरडते, "अहो, करवंटी खवताय काय? आमटीत घालू ती?" तुम्ही दचकता, ताटली तिच्याकडे सरकवता आणि उठता. मी विचारते, "बाबा, दादा का गेले?" आणि आयुष्यभर मला प्रश्न विचारायला लावणारा माणूस माझ्यावर खेकसतो, "खेळायला जातेस की चौकशा करायला?" तसं तुम्ही त्याआधी कधी बोलला नव्हतात. नंतरही नाही.

शेवटी मी तिच्या घरी गेले, नाहूरला. फोन न करता. तिनं दार उघडलं आणि म्हणाली, "माहीत होतं मला, तू येणार. तुला कुठे चैन पडतंय." चहा टाकला. मी पाणीही न पिता विचारलं, "माझ्या बाबांनी तुला काही केलं का?"

तिनं गॅस बंद केला. माझ्याकडे बघतच राहिली. "वेडी झालीस का गं? सरांनी? सरांनी मला कधी बोटसुद्धा लावलं नाही."

मला रडू फुटलं, आणि ती मला रडू देत उभी राहिली. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. "दादांनी. पाय चेपायच्या निमित्ताने. एकदा नाही, बरेचदा. मी आईला सांगितलं, आईनं सरांना सांगितलं. सर आमच्या घरी आले, खाली मान घालून बसले. म्हणाले, आठवड्यात तो इथे दिसणार नाही. आणि दिसला नाही. बूट आणले, घरापर्यंत सोडायला यायला लागले. सगळं केलं. पण रविवारी त्याला शाल घातली ना. मला पण रांगेत उभं केलं होतं टाळ्या वाजवायला. मी वाजवल्या. तुझ्या शेजारीच होते मी."

तिनं गॅस पुन्हा पेटवला. मग म्हणाली, "सर वाईट नव्हते गं. पण त्यांनी त्याला पाडला नाही. उचलून दुसरीकडे ठेवला."

बाबा, तुम्ही त्या दिवशी काय विचार केलात ते मला ठाऊक आहे, कारण आपल्याकडे सगळे हाच विचार करतात. भांडून घालवलं तर लोक विचारतील का. का म्हटलं की कोण. कोण म्हटलं की पोरीचं नाव. म्हणून ज्याला हाकलायचं त्याला आधी सजवायचं. शाल, नारळ, दोन चांगले शब्द, एक ग्रुप फोटो. ही आपली रीत आहे. आपल्या सोसायट्यांत, शाळांत, ऑफिसांत मी ती किती वेळा पाहिली असेल. नालायक माणसाचा निरोप समारंभ नेहमी जास्त दणक्यात होतो. पोरीचं नाव वाचलं, कबूल. पण त्याचंही नाव वाचलं, आणि ते नाव घेऊन तो घाटकोपरच्या मैदानावर गेला. तिथे कडेला कुणाची आई बसत होती का? तो नियम तुम्ही आपल्या मैदानापुरता केलात. आपल्या मुलींपुरता. तुम्ही कुटुंबवत्सल माणूस होतात असं सगळे म्हणतात. मला आता त्या शब्दाचीही शंका येते. कुटुंब म्हणजे नक्की कुठपर्यंत, बाबा? मुलुंडच्या वेशीपर्यंत?

घरी येऊन मी आईला विचारलं. ती टीव्हीसमोर मेथी निवडत होती. सगळं ऐकलं, एक पान खाली पडू दिलं नाही. मग म्हणाली, "तुझ्या बापाला बोलायचं नाही हां. मीच सांगितलं त्यांना. वाजतगाजत घालवा म्हटलं."

"आई, तू?"

"मग काय! त्यांनी मला विचारल्याशिवाय कधी चहासुद्धा घेतला नाही. हे विचारल्याशिवाय करतील? ते पोलिसात जायला निघाले होते. मी अडवलं. म्हटलं, ती पोर उद्या लग्नाची होईल, तिच्या आईनं तुमच्यावर भरवसा टाकलाय, चव्हाट्यावर नेऊ नका."

"आणि घाटकोपरला त्याची सोय? तीही तूच सांगितलीस?"

आईनं मेथीची नवी जुडी सोडली. मग म्हणाली, "ते मला आठवत नाही."

माझ्या बारशाला कुठली मामी कुठल्या साडीत आली होती ते जिला आठवतं, तिला हे आठवत नाही. मला संशय आहे की आई तुम्हाला वाचवते आहे. कदाचित पोलिसात जायला निघालेले तुम्ही हीसुद्धा तिनंच विणलेली शाल आहे, तुमच्या खांद्यावर घालायला. कदाचित खरंही असेल. तुम्ही असतात तर एका वाक्यात खुलासा केला असतात. आता तो कुणाकडेच नाही, आणि मी तो माझ्या सोयीने लिहिणार नाही. मी उठले तेव्हा आईनं माझा पदर धरला. "काय करायचं ते कर गो. त्याला सोडू नको. पण ह्यांचं नाव नको घेऊ. देवमाणूस म्हणतात त्यांना लोक."

हीच माझी अडचण आहे. सेक्रेटरींना मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं की सत्कार होऊ देणार नाही. ते म्हणाले, "ताई, पत्रिका वाटून झाल्यात. काहीतरी कारण सांगू, तुमची तब्येत बरी नाही म्हणू, पुढच्या वर्षी बघू." बघा, तीच रीत. त्यांना कारण हवंय, खरं कारण सोडून कुठलंही. मी म्हटलं, सभा बोलवा. मैत्रिणीला विचारलं, किती बोलू? ती म्हणाली, "एका मुलीनं तेव्हा सांगितलं होतं, एवढं बोल. कुठली ते नको. आणि सरांना माहीत होतं, हे पण बोल. ते गाळलंस तर तूही तेच केलंस." आईचं ऐकलं तर तुमचं नाव राहतं. मैत्रिणीचं ऐकलं तर जातं. आणि घाटकोपरला आज संध्याकाळीसुद्धा तो माणूस मुलींना सराव देतो आहे. मी मैत्रिणीचं ऐकणार आहे.

तुमच्याबद्दल वाईट बोलताना मी तुमची चांगली बाजूही सांगेन, फोडणीसारखी वरून ओतणार नाही, पण सांगेन. दिवसभर आकड्यांत डोकं घालून आलेला माणूस पगाराशिवाय पोरींना पळायला शिकवत होता, हे खरंच आहे. तक्रार घेऊन आलेल्या आईला तुम्ही खोटी म्हटलं नाहीत, हेही खरं आहे. आणि त्याला शाल घातलीत हेही. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही. लोक तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणोत. मी तुम्हाला बाबा म्हणेन.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, आईला तर नाहीच. आणि एक इथेच कबूल करते : तुम्ही आज समोर खुर्चीवर बसलेले असतात, तर यातलं निम्मंही माझ्या तोंडून निघालं नसतं. मी एवढी बोलते ती तुम्ही ऐकत नाही म्हणून.

आता सभेसाठीचा शेवट लिहून ठेवते, म्हणजे ऐनवेळी शब्द सुचले नाहीत तरी वाचता येईल.

आयाबापांनो, आणि याच मातीत खेळलेल्या माझ्या मैत्रिणींनो, ठराव एका ओळीचा आहे : हा सत्कार रद्द, आणि का रद्द केला ते उद्या सकाळी क्लबच्या फलकावर, घाटकोपरच्या क्लबला कळवून. मी विचारेन तेव्हा शेजारच्याकडे बघू नका. हात वर करा.