उसवलेल्या अक्षरांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, शिवणकामावर पोट भरलेली, अविवाहित, डोळ्यांनी अधू पण डोक्याने ठणठणीत, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणायला गेले की काय होते, ते माझ्या भाच्याला विचारावे. आधीचे मसुदे रद्द समजावेत.

कलम पहिले. शिवणयंत्र भाचेसुनेला द्यावे. मोठी कात्री वहिनी सोडून कोणालाही द्यावी. वहिनीने त्या कात्रीने पुठ्ठा कापला होता. दुसरे कारण पुढे येईल.

कलम दुसरे, पुढच्या खोलीतला लाकडी बाक. हे घर माझ्या कमाईचे. पुढची खोली मी थोरल्या भावाच्या, दादाच्या, संघटनेला वापरायला दिली. आमच्या वंशाच्या कोणाला मारहाण झाली, भाड्याने खोली नाकारली, की ते माणूस या बाकावर येऊन बसे आणि दादा त्याच्यासाठी कोर्टात भांडे. दादा वाघ होता, त्याबद्दल माझे दुमत नाही.

एकदा इथे एक म्हातारी येऊन बसली. तिचा मुलगा इस्त्रीवाला. चोरीच्या संशयावरून त्याला उचलून कोठडीत मारत होते. ती दुसऱ्या वंशाची, ज्यांच्या दुकानांत आम्हाला मागच्या दाराने जावे लागे त्यांच्यातली. तिच्या लोकांनीही गरिबाच्या भानगडीतून अंग काढून घेतले होते. दादा तिच्याशी नीटच बोलला. ‘बाई, आमच्याकडे ओंजळभर पाणी आहे, आणि आमचंच घर पेटलंय.’ ती उठली नाही. अंधार पडेपर्यंत बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही आली. मग मुलगा कोठडीतच मेल्याची बातमी आली आणि तिचे येणे थांबले.

थांबले असे मी लिहिते, पण बाकाला ते मान्य नाही. खोलीत कोणी नसताना तो कुरकुरतो, आणि बंद दाराआड पाणी शिंपडून इस्त्री केलेल्या कापडाचा वास येतो. मला भीती वाटते, खोटे कशाला लिहू? दादालाही ते ऐकू यायचे. शेवटच्या आजारात त्याने मला जवळ बोलावून विचारले, ‘ती उठली का गं?’ मी म्हटले, ‘नाही, दादा.’ त्याने भिंतीकडे तोंड फिरवले.

बाक आहे तिथून हलवू नये.

कलम तिसरे, मोर्चाचा कापडी फलक. ती म्हातारी येत होती त्याच दिवसांतला. दादाने मला अक्षरे कापून शिवायला सांगितली, ‘आम्हाला न्याय हवा.’ मी शिवले, ‘आपल्याला न्याय हवा.’ हात चुकला असे घरात ठरले. मी कधी तसे म्हटले नाही. दादा म्हणाला, ‘आम्ही म्हटलं की आमचेच राहतात. आपण म्हटलं की ऐकणाराही आत येतो.’ मी म्हटले, ‘मग येऊ दे की. बाकावर जागा आहे.’

फलक वहिनीकडे गेला. तिने माझी अक्षरे उसवून ‘आम्हाला’ लावले. ते टाके माझे नव्हेत हे आंधळ्यालाही कळेल, तरी त्यांचे खापर इतकी वर्षे माझ्या माथी फुटले. पण टाका उसवला तरी सुईची भोके राहतात. उजेडासमोर धरले की ‘आम्हाला’च्या मागे माझा शब्द वाचता येतो. म्हणून फलक खिडकीत लावावा, भिंतीवर नाही.

कलम चौथे, घर. भाचा आता संघटनेचा अध्यक्ष आहे. घर संघटनेला द्यावे, पण दाराशी आलेल्याला वंश विचारायचा नियम वर्षाच्या आत मोडीत काढला तरच. भाचा म्हणतो, ‘आत्या, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. सगळ्यांचं करत बसलो तर आपलं कोण करणार?’ प्रश्न खोटा नाही, मला रात्रंदिवस छळतो. पण ज्या फौजदाराचा हात इस्त्रीवाल्यावर बसला, तोच पुढे आमच्या पोरांवर चालला, आणि तोवर त्याला चांगला सराव झाला होता. अट पाळली नाही तर घर कोपऱ्यावरच्या शिवणवर्गाला जावे. सुई वंश विचारत नाही, सगळ्यांना सारखीच टोचते.

कलम पाचवे, साक्षीबाबत. आधीच्या मसुद्यात शिवणवर्गाच्या जागी इस्त्रीवाल्याच्या बहिणीला घर लिहिले होते. भावाचे इस्त्रीचे दुकान आता तीच चालवते, आणि राहते दुकानाच्याच माळ्यावर. तिनेच साक्ष करावी अशीही माझी इच्छा होती. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला घर मिळू शकते त्याने साक्ष करू नये, दोन्हींतले एक निवडा. मला वाटले, ती घर घेईल. कोणीही घेईल. ती त्याच बाकावर बसून म्हणाली, ‘माझ्या भावाच्या वेळी साक्षीला कोणी आलं नाही. मी सही करते.’

ती बसली तेव्हा बाक कुरकुरला नाही.

ठिकाण: पुढची खोली.
दिनांक: आजचा. उद्याचा भरवसा नाही.
सही: (शिवणारी आत्या)

साक्षीदार पहिली: वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई. मृत्युपत्र करणारीशी नाते: शेजारीण.

साक्षीदार दुसरी: इस्त्रीवाल्याची बहीण. मृत्युपत्र करणारीशी नाते (तिने स्वतःच्या हाताने लिहिले): आपली.