आप्पांच्या पोटातले भाडेकरू

तर आई, शेवटी आप्पा पादले. असं सरळ लिहिलं म्हणून रागावू नकोस, कारण ऑपरेशन झाल्यापासून अर्धं जांबे गाव त्याचीच वाट बघत होतं. आतड्यात कॅन्सरची गाठ होती, तेवढा तुकडा काढून बाकीचं आतडं जोडलं, आणि गॅस सुटला की आतडं चालू झालं असं समजायचं, हे डॉक्टर सांगून गेले होते. काका रोज फोनवर ओरडून विचारायचे, "सरला का वारा?" आप्पा माझ्यासमोर गप्प. मग एका सकाळी नर्सला हळूच म्हणाले, "झालं काम. पर पोरीला सांगू नका." नर्सनं सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं सांगितलं. काका पेढे घेऊन आले.

मी आता लवळ्याला मायक्रोबायोलॉजी शिकते, मला कुठलं राहवतंय. घरी आल्यावर मी त्यांना समजावलं, की आप्पा, आतड्यात बॅक्टेरिया राहतात, बरेचसे कामाचे. ऑपरेशनआधी पोट साफ केलं, वर अँटिबायोटिक, त्यात आतड्याचा तुकडाच गेला. जुने बरेच गेले, आणि रिकाम्या जागेत आधी दांडगे घुसतात. आप्पा खिडकीतून आपल्या भाड्याच्या खोल्यांकडे बघत म्हणाले, "म्हंजी चांगले भाडेकरू गेले, आन् आता डिपॉझिट न देता कुनीबी घुसतंय." प्रोफेसरांनी पण इतकं सोपं सांगितलं नव्हतं गं.

पण जेवण बंद. दोन घास, की "बास". पॅन्ट सुतळीनं बांधतात. वजन असंच उतरत राहिलं तर केमो पुढे ढकलावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलंय. दही चालेल म्हणाले, म्हणून मी पाकिटाचं आणलं. "ह्यो चुना हाय. तुज्या आईचं दही असंल तर खातो." तू गेलीस तेव्हा मी पाचवीत होते. कुठून आणू?

मग आठवलं. नवीन भाडेकरू आला की तू खोलीची चावी आणि वाटीभर विरजण बरोबरच द्यायचीस. मला मैत्रिणींसमोर इतकी लाज वाटायची. तू म्हणायचीस, "भाड्यानं राह्यलं म्हनून काय दुकानाचं दही खायाचं?" तीन नंबरच्या लातूरच्या काकू अजून तिथंच आहेत. विचारलं, तर म्हणाल्या, "तुझ्या आईचंच की गं हे. रोज चमचाभर मागं ठेवते अन् त्यातच लावते. घेऊन जा, वाटी तेवढी परत आण."

दुसऱ्या दिवशी आप्पांनी ते दही बोटानं चाखलं. ताटलीभर भात संपवला, बोटं चाटली, आणि मग म्हणाले, "आले बग जुने भाडेकरू परत."

आई, तसं नसतं ते. दह्यातले बॅक्टेरिया पोटात घर करत नाहीत. पाहुण्यासारखे येतात, थोडा हातभार लावतात आणि जातात. मला हे माहीत होतं, तरी मी मान डोलावली. हे पत्र फोनमध्येच राहणार, म्हणून तुला सांगतेय. काय वाटतं तुला, आप्पांना खरं सांगू, की आधी दोन किलो वाढू देऊ?