थर्माकोलमधली रिकामी जागा

१२ जानेवारी २०१८, यवतमाळ

आठवीत शबानाची आणि माझी मिळून एकच कंपासपेटी होती. तिची हरवली होती आणि घरी सांगायची सोय नव्हती. भूमितीच्या तासाला कर्कटक बाकाखालून इकडून तिकडे फिरायचं. सिस्टर ॲग्नेसना ते दिसायचं, पण त्या खिडकीबाहेर बघत राहायच्या. एकदा शबाना कुजबुजली, "अर्धं वर्तुळ तू काढ, अर्धं मी काढते." काढलं. जुळलंच नाही! हसण्यापायी दोघींना वर्गाबाहेर उभं केलं.

पेटी माझ्याकडेच राहिली. टाचण्या ठेवते तिच्यात. या खेपेला निघताना का कोण जाणे, पिशवीत टाकली.

लॉजच्या गच्चीवरून आमचं कॉन्व्हेंट दिसतं. भिंत उंच केलीय. एकोणीस तारखेला चौकशी समितीपुढे बोलायचं आहे, फवारणीच्या विषबाधेवर. बोलावणं कसं, तर 'आंतरराष्ट्रीय आरोग्यतज्ज्ञ' म्हणून. बँकेत चौतीस वर्षं, जिनिव्हात जेमतेम पाच महिने. तज्ज्ञ!

१३ जानेवारी

जिनिव्हाच्या मुलाखतीत विचारलं होतं, बँकेसारखी बँक सोडून आरोग्य धोरणाकडे का? मी शबानाच्या नवऱ्याची गोष्ट सांगितली. नासिरभाई, इथून जवळच नेर गावी फवारणीचे पंप दुरुस्त करतात. औषध डोळ्यांत उडालं. उजवा डोळा गेला, डाव्याला धुरकट दिसतं. सांगताना माझा आवाज दाटला – खरंच दाटला. समोरचे तिघेही गप्प झाले. त्या गप्प होण्यातच नोकरी मिळाली.

एक नाही सांगितलं. शबानाने दवाखान्यातून फोन केला, तेव्हा मी तो कापला. 'मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलते' एवढा निरोप टाकला. आणि बोललेच नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. नेरला न्यायला तिळाच्या वड्या घेतल्या. गेले नाही.

१५ जानेवारी

भाषणाचा मसुदा. 'पंपांसोबतचे संरक्षक साहित्य लाभार्थ्यांपर्यंत पोहोचले नाही.' किती सभ्य वाक्य! जणू ते साहित्यच वाट चुकलं.

लिहून टाकते. मार्च २०१६. मी मुंबईत महाव्यवस्थापक. बँकेतर्फे शेतकऱ्यांना फवारणीचे बॅटरीवरचे पंप वाटायची योजना माझीच. खोक्यात पंपाशेजारी किट असणार होतं – चष्मा, मास्क, हातमोजे. किट बनवणाऱ्याने कळवलं, एप्रिलअखेर देतो. आणि आम्हाला वाटप तर ३१ मार्चच्या आत दाखवायचं होतं. बँकेत ज्याने दिवस काढलेत त्याला ३१ मार्च म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मी टिपणावर माझ्या हाताने लिहिलं, 'किट वगळून वाटप करावे. किट नंतर पाठवावीत.' खाली सही.

एक एप्रिलला आम्ही पेढे वाटले. किट कोणालाच आठवली नाहीत. मलाही नाही.

त्या टिपणाची झेरॉक्स बँक सोडताना घरी आणली होती. फाडायलाच आणली असणार. फाडली नाही, एवढं मात्र खरं.

१७ जानेवारी

आज नेरला जाऊन आले.

दार शबानानेच उघडलं. केस मेंदीने लाल. "आली वो बाई फॉरेनची!" मिठी मारली आणि कानातच म्हणाली, "तुयं 'नंतर' दीड वर्षानं झालं का, कुंदे?"

नासिरभाई ओसरीवर बसले होते. मांडीवर उघडलेला पंप, बोटांनी वॉशर चाचपत होते. "सलाम मॅडम. आवाजावरून वळखलं. डोळे गेले तं गिऱ्हाईक वाढलं माहं. म्हनते, हा बुढा कानानं पंप दुरुस्त करते!"

"गिऱ्हाईक नाही ते," शबाना आतून. "तमाशा पाहाले येते."

मी विचारलं, नेमकं झालं कसं?

"नोझल अटकलं. आमी काय करतो, नोझल काढतो, तोंडाशी धरतो अन् फुकतो. बाप बी तसाच करे. हातानं मारायचा पंप हात थांबला का थांबते. हा बॅटरीचा! बटन चालूच राह्यलं. भस्सकन आलं तोंडावर."

"चष्मा नव्हता?" – मी विचारलं. मीच!

"चष्म्याची जागा होती ना. थर्माकोलमधी साचा कापेल होता, बराबर. वाटपाच्या दिवशी मी तुमालेच इचारलं, मॅडम, इथलं सामान कुठं गेलं? तुमी म्हनलं, नंतर येईल."

मला आठवत नाही. त्या दिवशी गळ्यात हार होता, घाई होती, एवढंच आठवतं.

शबाना चहा घेऊन आली. "मी म्हनलं याले, दुकानातून घे ना येक चष्मा. तं म्हने, कायले? कुंदाबाई बोलली ना, येईलच. माह्या मैत्रिणीच्या शब्दावर बसला हा मानूस!" आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तुमचा काय दोष त्यात," नासिरभाई म्हणाले. "तुमी धाडलंच असंल. गोदामावरच्या डोमाजीनं खाल्लं सगळं. चोट्टा! साऱ्या गावाले मालूम आहे. त्याची चौकीदारी गेली, आता कोनी त्याच्या हातचं पानी बी पीत नाही. मी बी नाही. बचपनचा दोस्त होता माहा."

मी कप उचलला. चहा प्याले. वड्या दिल्या. अलफिया – त्यांची मुलगी, इथल्याच शाळेत शिकवते – बसपर्यंत सोडायला आली. म्हणाली, "मावशी, अब्बा सगळ्यांना सांगतात, समितीसमोर आपलं माणूस बोलणार आहे."

खिडकीशी बसून तिला हात हलवला. हात हलवताना आपला चेहरा कसा दिसत असेल, याचाच विचार करत होते. या वयात!

१८ जानेवारी

जे गोदामात कधी आलंच नाही, ते डोमाजीने चोरलं म्हणे. आणि मी चहा पीत बसले.

१९ जानेवारी, सकाळ

जिनिव्हाला कळवलं – मुलाखतीत काय नाही सांगितलं ते, आणि राजीनामा.

अकराला समिती. भाषण नाही. टिपणाची एक प्रत त्यांच्या हातात मी देईन.

अलफियाला बसस्टँडवर बोलावलंय. बाकीचं तिच्याजवळ:

टिपणाची दुसरी प्रत डोमाजीला. आधी चौकात, लोक असतील तेव्हा मोठ्याने वाचायची, मग त्याच्या हातात द्यायची. नासिरभाईंनी सोबत जावं.

कंपासपेटी शबानाला. टाचण्या काढल्यात. कर्कटक आहे आत.

ही वही नासिरभाईंना. त्यांना वाचता येणार नाही. शबानाने वाचून दाखवावी, काही न गाळता. पंधरा तारखेचं पान आधी.