तळ्यावरून सरकलेली रेघ

धाकटे, थोरलीचे पोटभर आशीर्वाद.

सगळ्यांत आधी आली ती नकाशेवाली पोरगी, तीही गुडघाभर चिखलात! नव्या रस्त्यासाठी जागा बघायला आली होती. नकाशात आमच्या मागचं तळं म्हणजे रिकामी कोरडी जमीन, म्हणून बाईसाहेब सरळ चालत आल्या आणि रुतल्या. मागून तिचे साहेब, काठाकाठानं.

पाय धुवायला पाणी देत मी म्हटलं, “अगं, नकाशासाठी वरून काढलेला तुमचा फोटो उन्हाळ्यातला. तेव्हा तळं आटतं. आता बघ, बदकं पिल्लं घेऊन फिरतायत.”

साहेबांनी पाटीएवढी काच पुढं केली. पाणी कुठं, घरटी कुठं ते भरलं की रस्ता कुठून न्यावा ते ती सांगते म्हणे. “आजी, तुम्हीच दाखवा.” मी बोट फिरवलं, तिथं निळं झालं आणि रस्त्याची रेघ आपोआप सरकली की गं! दोन यत्ता शिकलेल्या बाईनं नकाशा दुरुस्त केला.

फक्त सरकली ती आमच्या परसात, सुनेच्या टोमॅटोंवर. सून म्हणाली, “टोमॅटो कुंडीतही येतात, तळं येत नाही.” मी हसले, पण तिच्या टोमॅटोंकडं बघत राहिले.

तुझा गुडघा कसा आहे? शेकतेस ना?

साहेब म्हणाले, पलीकडच्या पडक्या वीटभट्टीवरून रेघ नेली तर दोन्ही वाचतील, पण या वेळी आधी पायी फिरून बघू. येत्या गुरुवारी येतायत. पुढं मी चालणार आहे, काठी घेऊन.

तुझीच,
थोरली