मामाला घराबाहेर काढण्याची माझी पात्रता

लँकशायर,
१४ नोव्हेंबर

आदरणीय ग्लेनिसमावशीस,

ब्रायनीचा नमस्कार. तुझ्या कंबरेचं दुखणं कसं आहे? समुद्राकाठची हवा मानवत असेल आणि शेजारीण आपल्या कुत्र्याला आवरत असेल, अशी आशा करते. माझी प्रकृती उत्तम आहे. राग मात्र मंगळवारपासून उतरलेला नाही, आणि त्यातला मोठा वाटा तुझा असल्यामुळे तो पोस्टाने पाठवते आहे.

तुला आठवत नसेल म्हणून लिहिते (मला शब्दन् शब्द आठवतो). टॅनरी स्ट्रीटवरचं घर मी कर्ज काढून घ्यावं, गुडघ्यांमुळे बस चालवणं सुटलेल्या तुझ्या भावाला, म्हणजे डेरिकमामाला, ते भाड्याने द्यावं आणि भाडं कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, घरभाडे-मदतीतून यावं, ही योजना तुझी. "घरचं माणूस घरात राहील, आणि कागदाचं काय, तू शिकलेली आहेस," असं तू फोनवर म्हणालीस. मी लिफ्ट तपासते, मावशी. दोर किती झिजला आहे हे मी मोजून सांगू शकते. मामाचा भाडेकरू कसा करायचा, हे आम्हाला शिकवलेलं नाही.

कौन्सिलचा नियम साधा आहे, आणि तो मला पटतो, हे आणखी वाईट. नातेवाइकाला घर दिलं तर व्यवहार परक्यासारखा हवा. भाडं थकलं तर मालकीण मामाला बाहेर काढेल, असं त्यांना दिसायला हवं. तसं दिसलं नाही तर मदत बंद. मदत बंद झाली तर माझ्या फ्लॅटचं भाडं आणि या घराचा हप्ता ही दोन्ही ओझी मला पेलणार नाहीत, घर विकावं लागेल. मग अडुसष्टाव्या वर्षी मामा आपली अकरा कबुतरं घेऊन कुठे जाईल, हे तुझ्या योजनेत कुठेही नाही.

मंगळवारी कौन्सिलच्या मिसेस टनिक्लिफ पाहणीला येणार होत्या. मी तयारी केली होती. करारनामा, गॅस सुरक्षित असल्याचा दाखला, सामानाची यादी (चमच्यांसह). परकी मालकीण शोभावी म्हणून मामाला दोन दिवस आधी लेखी सूचनाही पाठवली, की मी घर पाहायला येत आहे. (त्याने ती फ्रिजवर लावली आणि शेजाऱ्यांना बोलावून माझी सही दाखवली.) आणि त्या दिवशी मी असं काही केलं, जे आपल्या घराण्यात कोणी केलेलं नाही. मी समोरचं दार वाजवलं.

तुला सांगायला नको, आपल्या गल्लीत समोरचं दार पोलिसांसाठी, वसुलीवाल्यांसाठी आणि शवपेटीसाठी असतं. घरची माणसं मागच्या बोळातून थेट स्वयंपाकघरात शिरतात. मामाचा हिशोब असा, की बाई ब्रायनीबरोबर येणार, म्हणजे मागूनच येणार. मग समोर कोण असणार? त्याने टीव्ही बंद केला, दिवा घालवला आणि तो सोफ्यामागे जाऊन बसला (गुडघे दुखतात ना त्याचे?). मिसेस टनिक्लिफ आणि मी पायरीवर पावसात उभ्या. तिसऱ्यांदा वाजवल्यावर दारातली पत्रं टाकायची फट उघडली आणि आतून आवाज आला, "इथे कोणी राहत नाही."

घरभाड्याची मदत मागणाऱ्या माणसाने अधिकाऱ्यापुढे बोलण्याची वाक्यं मी मनात लावून पाहिली. याहून वाईट सापडलं नाही. मिसेस टनिक्लिफ यांनी वही काढली.

"मामा, मी आहे," मी म्हटलं.

"मग समोर काय करते आहेस, बाळ? कोण गेलं?"

नऊ वर्षं न उघडलेलं दार फुगून बसलं होतं, ते उघडलंच नाही. शेवटी कौन्सिलच्या प्रतिनिधीला मी कचऱ्याच्या डब्यांमधून वाट काढत बोळातून आत नेलं. आत चहा तयार होता, आल्याचा केक कापलेला होता. मिसेस टनिक्लिफ यांनी केक घेतला नाही आणि सरळ मला विचारलं, "भाडं थकलं तर तुम्ही यांना घराबाहेर काढाल?" मी "हो" म्हटलं. आवाज अजिबात हलला नाही. एका शब्दाचं काम होतं, ते झालं होतं. तेवढ्यात मामाला हसू फुटलं, चहा बशीत सांडला.

"ही? अहो बाई, न्हाणीघरात कोळी निघाला तर ग्लासात धरून अंगणात सोडते ही. पाऊस असेल तर शेडमध्ये ठेवते. ही मला काढणार?"

हे त्याने अभिमानाने सांगितलं. माझ्या बाजूने बोलतो आहे, अशी त्याची पक्की समजूत होती. मिसेस टनिक्लिफ यांनी कोळ्याचं लिहून घेतलं, शेडचंही घेतलं. जाताना म्हणाल्या, "कुटुंबाला ओळखणाऱ्या कुणाचं लेखी निवेदन असेल तर चौदा दिवसांत पाठवा. नाहीतर मला जे दिसलं तेच लिहावं लागेल." त्या गेल्यावर मामाने मला विचारलं, "बरं झालं ना गं?" मी चमचे मोजून घेतले आणि निघाले.

कळव, कंबरेला शेक घेतेस की नाही.

तुझी,
ब्रायनी

ता. क. निवेदन तू लिही. तुझी भाची लहानपणापासून थंड, हिशोबी आणि निर्दय आहे आणि सख्ख्या मामाला रस्त्यावर काढायला मागेपुढे पाहणार नाही, असं स्पष्ट शब्दांत हवं. दोन-तीन उदाहरणं दे. मी शोधली, सापडली नाहीत. तू रचू शकशील. मला खोटं लिहिता येत नाही. तुला येतं, हे नाताळात तू माझ्या स्वयंपाकाबद्दल पाठवलेल्या आभारपत्रावरून मला माहीत आहे.

ता. ता. क. हे निवेदनात घालू नकोस. निकाल विरुद्ध गेला तर मी फ्लॅट सोडून टॅनरी स्ट्रीटला राहायला जाते आहे. वरची छोटी खोली मोजली, पलंग तिरका टाकला तर बसतो. मिसेस टनिक्लिफ यांची पाहणी अचूक होती. मला राग त्याचाच आहे.