टॅमराचा विषय अजून ठरलेला नाही

टॅमरा,

तिसऱ्यांदा कॉलेजात परत गेलीस. काल फोनवर म्हणालीस, "मम्मा, सल्लागार बाई म्हणाल्या, विषय ठरला नाही तरी चालेल, घाई करू नकोस." त्या बाईचं काय जातंय? तुझं पोर तिच्या घरी नाही, माझ्या घरी आहे.

तू गेलीस तेव्हा वेस्ली रांगत होता, आता चुरूचुरू बोलतो. रविवारी फ्रिजवरचा तुझा फोटो दाखवून विचारलं, "ही कोण रे?" म्हणाला, "फोनवाली बाई." मला हसू आलं. मी काही त्याची चूक सुधारली नाही. मला मम्मा म्हणतो आणि मी ओ देते.

नर्सिंग सोडलंस, अकाउंट्स सोडलंस, आता समाजशास्त्र बघ. सावकाश बघ. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मात्र घरी येऊ नकोस, अनोळखी माणूस दिसलं की पोर भोकाड पसरतं.

वेस्लीची मम्मा,
विल्मा